डावीकडे मोकळं

जपानच्या डोंगरातल्या आमच्या तोकामाचीत नोव्हेंबर सरत आला की माणसं अर्धी वेडी होतात, आणि आमचे सासरे पूर्ण. बर्फ अजून पडलेला नसतो. पण तो आज येईल, उद्या येईल, या विचाराने कुणाच्या जिवाला चैन नसते. झाडांना काठ्यांचा आधार द्या, खिडक्यांवर फळ्या लावा, टायर बदला, मुळे वाळत घाला. आमच्या घरी त्यावर आणखी एक काम: बाबांच्या गाडीला यंदा कुठलं पॉलिश नि त्यावर रंग राखायला कुठलं सीलंट लावायचं, ते ठरवा.

बाबा म्हणजे माझे सासरे, गेन्झो ओनोझुका. ऐंशी ओलांडलीय. उभा जन्म गावच्या आग विझवणाऱ्या बंबदलात गेला, त्यातली बरीच वर्षं प्रमुख म्हणून, त्यामुळे गाव अजूनही त्यांना 'प्रमुख' म्हणतं आणि त्यांनाही ते आवडतं. गाडी गडद निळी, लांबलचक, माझ्या लग्नानंतर लगेच घेतलेली. या घरात आम्ही दोघी जवळपास एकदमच आलो, पण लाड कुणाचे झाले ते विचारू नका.

तशी त्यांची काळजी उगाच नाही, हे मी मान्य करते. आमच्या रस्त्यांच्या मधोमध नळ्या पुरल्यात; बर्फ पडला की त्यांतून जमिनीखालचं पाणी उडतं आणि बर्फ विरघळवतं. त्या पाण्यात लोह इतकं की रस्ते तांबडे, बूट तांबडे, गाड्यांची पोटं तांबडी. हायवेला गेलं तर मीठ. घरी उभी ठेवली तर रोज सकाळी ब्रशने बर्फ लोटायचा, त्याचे ओरखडे वेगळेच. पण म्हणून दिवसरात्र तेच?

"तोमोए, तू सांग," ते जेवता जेवता मला विचारायचे. "पाण्याचे थेंब उभे करणारं घ्यावं, की पाणी पसरवून घालवणारं?"

"बाबा, मला भातात पाणी किती घालायचं ते कळतं. गाडीवर किती थांबवायचं ते नाही."

"थेंब दिसायला छान. पण आपल्याकडचा थेंब वाळला की गंजाचा ठिपका सोडून जातो."

"मग पसरवणारं घ्या."

"ते टिकत नाही म्हणतात."

"मग थेंबवालं घ्या."

"तुला काही पोच नाही," असं म्हणून ते उठायचे, खिडकीशी जाऊन डोंगराकडे बघायचे आणि परत येऊन बसायचे. वाटीतलं सूप गार व्हायचं. आमची काहो, तिसरीतली, त्यांची नक्कल करायची. खिडकीशी जायची, 'हं' म्हणायची, परत येऊन बसायची.

त्यांची एक सवय इथेच सांगून टाकते. गाडी काढण्याआधी ते बोट दाखवून मोठ्याने म्हणतात, "उजवीकडे मोकळं. डावीकडे मोकळं. मागे मोकळं." बंबावर लागलेली सवय, रेल्वेवाले करतात तशीच. नुसतं बघायचं नाही, बोट करायचं आणि म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. मी आणि माझा नवरा शुहेइ यावर पोट धरून हसायचो. पण मनात एक खात्री होती, की जो माणूस दर वेळी बोट दाखवून बघतो, तो कुणाला धडकणार नाही. म्हणून तर बर्फ पडला की काहोला शाळेत नेण्याआणण्याचं काम त्यांच्याकडे दिलेलं. शुहेइ बर्फ लोटायच्या यंत्रावर पहाटेच निघून जातो आणि मी मशरूमच्या शेडवर पॅकिंगला.

तर त्याच सुमारास समाजमंदिरासमोरचा, आगीच्या वेळी पाणी घ्यायचा बंबाचा नळ कललेला सापडला. आमच्याकडे हा नळ पुरुषभर उंच आणि लालभडक असतो. ठेंगणा असता तर बर्फात कुणाला सापडला नसता. कुणाची तरी गाडी त्याला घासून गेली होती. बुडातून पाणी झिरपत होतं. ते थंडीत गोठलं असतं आणि त्यात कुठे आग लागली असती, तर आमची लाकडाची घरं वाचली नसती.

वाडीचे अध्यक्ष हिगुची यांनी बैठक बोलावली. हिगुची मऊ माणूस, सगळ्याला 'बघू, करू'. ते म्हणाले, "ज्याच्या हातून झालं असेल त्याने सवडीने येऊन मला सांगावं."

बाबा उठून उभे राहिले. "सवडीने कशाला? आग सवड बघून लागते का? ज्याने बंबाचा नळ ठोकला आणि वर तोंड लपवलं, त्याच्या हातातून किल्ली काढून घ्या. माझा सख्खा भाऊ असला तरी."

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा अभिमान वाटला. घरी येताना मी तसं म्हटलंही, तर म्हणाले, "अभिमान राहू दे, उद्या हवा कोरडी आहे का ते बघ."

दुसऱ्या दिवशी मी घराच्या कडेला मुळे टांगत होते. एक मुळा हातातून निसटून गाडीखाली गेला. तो काढायला वाकले, तर डाव्या दिव्याखाली, बंपरच्या कोपऱ्यावर, तळहाताएवढा लाल पट्टा. गडद निळ्यावर तो लाल उभ्याने बघितलं असतं तर दिसलाही नसता. मी नख लावून बघितलं. दुसऱ्या कशाचा तरी रंग होता, घासून बसलेला. समाजमंदिराच्या खिडक्यांना लावायच्या फळ्या बाबांनीच, नळ कललेला सापडला त्याच्या आदल्या शनिवारी, भर पावसात गाडीतून पोचवल्या होत्या, आणि मी घरात बसून मुळे चिरत होते.

चोराच्या उलट्या बोंबा, हेच मनात आलं. एवढा मोठा प्रमुख, आणि भर बैठकीत असं नाटक?

शुहेइला सांगितलं, तर तो आधी मानेना.

"तुझी खात्री आहे?"

"नळ लाल. पट्टा लाल. आता काय, नळाने सही करून द्यायला हवी?"

"बाबा असं करणार नाहीत."

"मग नळ चालत आला असेल आपल्या अंगणात."

तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "हे बघ, आपलेच दात, आपलेच ओठ. रबिंगचं पॉलिश आण आणि गुपचूप घासून टाक. नळ दुरुस्त झालाय. हिवाळा जाऊ दे, मग शांतपणे बोलू त्यांच्याशी."

"आणि हिवाळाभर काहो त्यांच्या गाडीत?"

तो जागेवरून उठला. मग हळूच, "तू बोलून बघ ना. तुझं ऐकतात ते."

"माझं भाताबद्दलसुद्धा ऐकत नाहीत," मी म्हणाले.

मला झोप लागेना. धडक एक वेळ मी सोडून दिली असती. फळ्या भरलेल्या, पाऊस, होतं माणसाच्या हातून. पण जो माणूस ठोकून गप्प बसतो आणि वर गावाला शहाणपण शिकवतो, त्याच्या गाडीत माझी पोर बसवायची? आज नळ होता. उद्या त्याच डाव्या अंगाने शाळेतली पोरं ओळीने चालत जाणार होती, आणि बर्फ डोंगराच्या माथ्यावर येऊन बसला होता.

त्या आठवड्यात बाबा पुन्हा गाडीच्या सामानाच्या दुकानात निघाले. मीही सोबत गेले, काहीतरी बोलतील या आशेने. निघताना नेहमीप्रमाणे बोट दाखवून सगळीकडे मोकळं असल्याचं जाहीर झालं. मी मुठी आवळून बसले होते.

दुकानदार याझावाची जीभ जरा सैल. "प्रमुख, परत आलात? आता इथेच गादी घालू का तुमची?"

"बडबड नको. हिवाळाभर टिकणारं दाखव."

याझावाने बाटल्या मांडल्या. "टिकणं सीलंटवर कमी आणि खालच्या तयारीवर जास्त असतं, प्रमुख. आधी रंगावर काय बसलंय ते बघा. ओरखडे असले, दुसऱ्या कशाचा रंग लागलेला असला, तर आधी हे घासणारं पॉलिश. मग तेलकटपणा पुसून काढायचा, कोरडं करायचं, मग सीलंट. सीलंट काही साफ करत नाही. खाली जे असेल ते जसंच्या तसं राखतं, चांगलं असो, वाईट असो."

मी बाबांकडे बघत होते.

"घासणारं नको," बाबा म्हणाले. "ते वरचा रंग खातं. माझ्या गाडीवर एक डाग नाही."

"एकही नाही, बाबा?" मी विचारलं.

"एकही नाही. इतकी वर्षं हाताने पुसतोय मी. माझ्या तळहाताला कळतं."

पापणी हलली नाही त्यांची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण याझावासमोर काय बोलणार, मी बाटल्यांकडे बघत उभी राहिले.

शेवटी त्यांनी न घासणारं साधं पॉलिश घेतलं आणि पाणी पसरवणारं सीलंट. "एप्रिलपर्यंत बघायला नको," याझावा म्हणाला. बाबा पैसे द्यायला वळले तेवढ्यात मी रबिंगची छोटी ट्यूब उचलली आणि वेगळे पैसे दिले. याझावाने माझ्याकडे बघितलं, ट्यूबकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.

ती ट्यूब मी ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरत होते. बाहेर पाऊस संपता संपेना. बाबा खिडकीशी जात, परत येत. मी गाडीशी जाई, परत येई. एकदा तर फडक्यावर रबिंग काढून पट्ट्यापाशी बसलेसुद्धा. घासलं तर मीही त्यांच्या खोटेपणात सामील, आणि काहोला त्याच गाडीत बसवणारी आईही मीच. न घासलं तर कुणीतरी बघणार आणि म्हाताऱ्याची उरलीसुरली अब्रू जाणार. फडकं तसंच गुंडाळून मी घरात आले आणि विनाकारण काहोवर ओरडले.

मग एक दिवस ऊन पडलं. रेडिओवर सांगितलं की उद्या संध्याकाळपासून बर्फ. मी दुपारी शेडवरून आले तर बाबा गाडीशेजारी उभे, हातात पांढरं फडकं, थंडीतही कपाळाला घाम. गाडी अशी चकाकत होती की तिच्यात बघून भांग पाडावा.

"झालं," ते म्हणाले. लहान मुलासारखे खूश होते. "सूर्याने साथ दिली. कशी दिसते?"

मी पुढून फेरी मारली. डाव्या दिव्याखाली तो लाल पट्टा, आता काचेखाली ठेवल्यासारखा स्वच्छ आणि झळझळीत.

"छान," मी म्हणाले. "डागसुद्धा चमकतोय."

"कुठला डाग?"

माझा तोल गेला. "पुरे आता, बाबा. भर बैठकीत ओरडलात, किल्ली काढून घ्या म्हणून. याझावाच्या तोंडावर म्हणालात, एक डाग नाही. मी म्हटलं जाऊ दे, म्हातारं माणूस आहे, अब्रूला जपतं. पण मग निदान घासून तरी टाकायचा होतात. वर सीलंट लावून जपून ठेवलात?"

आता ते खवळतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते खवळले नाहीत.

"कुठे?" एवढंच म्हणाले.

मी बोट दाखवलं. ते मडगार्डसमोर उकिडवे बसले, सीलंट लावताना बसले असतील तसेच. हात पत्र्यावरून डावीकडे सरकत गेला, कोपऱ्यावर आला, पट्ट्यावरून फिरला आणि पुढे गेला. "इथे काही नाही," ते म्हणाले.

"तुमच्या हाताखाली आहे."

त्यांनी पुन्हा हात फिरवला. सीलंट इतकं गुळगुळीत बसलं होतं की तळहाताला काही लागणारच नव्हतं. मग त्यांनी मान डावीकडे वळवली, आणखी वळवली, कोंबडी दाणा बघते तशी अगदी तिरकी केली, आणि तिथेच थांबले.

ते लपवत नव्हते. त्यांना दिसतच नव्हतं. ते लपवत असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान रस्ता तरी दिसतो.

"फळ्या उतरवून निघालो तेव्हा काहीतरी लागल्यासारखं झालं होतं," ते पट्ट्याकडे बघतच म्हणाले. "मला वाटलं, चाक फळीवरून गेलं. पण मी बोट दाखवलं होतं, तोमोए. डावीकडे मोकळं म्हटलं होतं."

"हो, बाबा."

"म्हटलं होतं मी."

"हो."

ते उठले. गुडघे झटकले. मग ताठ उभे राहून समोर शेजाऱ्याच्या पर्सिमनच्या झाडाकडे बघत म्हणाले, "माझ्या डाव्या बाजूला काहीतरी धर."

हाताला लागली ती खिशातली ट्यूबच. मी ती धरली.

"धर की."

"धरलीय, बाबा."

"पुढे आण."

मी एक पाऊल पुढे आणली. नाही म्हणाले. आणखी आणली. नाही. जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आली तेव्हा म्हणाले, "आता. काय आहे ते?"

"रबिंग."

त्यांनी ट्यूब हातात घेऊन वाचली. सगळं समजलं त्यांना. "कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"दुकानात गेलो त्या दिवसापासून."

"घासलं का नाहीस?"

"काहो बसते त्या गाडीत," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. मघाशी तोंडाला येईल ते बोलले होते, त्यातला एक शब्दही आता परत घेता येत नव्हता. "माफ करा, बाबा."

"कशाबद्दल? मला दाखवलंस ना," ते म्हणाले. मग आत जाऊन चांगला कोट घालून आले. "चल, हिगुचीकडे जाऊ. चालत."

हिगुचींच्या बायकोने चहा ठेवला, मुळ्याचं लोणचं ठेवलं. बाबांनी कशालाही हात न लावता, न अडखळता सगळं सांगितलं. हिगुचींचा चेहरा पडला. ते म्हणाले, "अहो प्रमुख, नळ दुरुस्त झालाय. कुणाला काही पत्ता नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या आणि विसरून जा."

"बैठकीत मी काय म्हणालो होतो?"

"ते तुम्ही रागाच्या भरात..."

"काय म्हणालो होतो, हिगुची?"

हिगुची चहाच्या कपात बघत पुटपुटले, "किल्ली काढून घ्या."

बाबांनी खिशातून किल्ली काढून पुढे केली. हिगुचींचा हात काही पुढे येईना. ते नुसते मान हलवत राहिले. मग बाबा माझ्याकडे वळले, संपूर्ण अंगाने वळले, कारण मी त्यांच्या डावीकडे बसले होते.

"अध्यक्षांना जमत नाही. तू घे."

मी घेतली. किल्ली त्यांच्या हाताने कोमट झाली होती. इतकं वाईट मला माहेर सोडतानाही वाटलं नव्हतं.

परत येताना मी म्हटलं, "बाबा, सीलंट काढून तो डाग घासून टाकते मी. आपण दोघं मिळून परत लावू."

"राहू दे," ते म्हणाले. "एप्रिलपर्यंत टिकतं म्हणाला ना याझावा? टिकू दे."

बर्फ ठरल्याप्रमाणे आला आणि दोन रात्रींत कुंपणं बुडाली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थोडीथोडी नजर जाते, मेंदू रिकामी जागा आपल्याच मनाने भरून काढतो, माणसाला कळतही नाही. आता थेंब चालू आहेत, रोज डोळ्यांत. गेलेलं परत येणार नाही म्हणाले. मी शेडवरची वेळ बदलून घेतली. काहोला शाळेत सोडायला ती लांबलचक निळी गाडी मीच काढते, आणि बाबा डावीकडच्या सीटवर बसतात, माझ्या हातून तिला ओरखडा पडू नये म्हणून, असं ते सांगतात. बर्फ तिच्यावरून ब्रश लावायच्या आतच घसरतो. तेवढं मात्र त्यांनी फार छान लावलंय.

पहिल्या सकाळी मी स्टिअरिंगवर बसले आणि सीट पुढे ओढून घेतली. काहो मागे पट्टा लावून तयार. बाबांनी बोट वर केलं.

"उजवीकडे मोकळं."

बोट डावीकडे वळलं आणि अर्ध्यावरच थांबलं. त्यांनी हात हळूच मांडीवर ठेवला.

"डावीकडे तू बघ," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. बर्फाची भिंत, तिच्यातून काढलेली वाट, वाटेवर कुणी नाही. "डावीकडे मोकळं," मी पुटपुटले. जन्मात कधी म्हटलं नव्हतं, मला लाज वाटली.

"मोठ्याने," बाबा म्हणाले.

मी बोट दाखवून मोठ्याने म्हटलं, आणि गाडी काढली.